माती ओली असतानाच दाखवा : डिजिटल शिल्पकामाचा सराव आणि अभिप्राय, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिजिटल शिल्पकाम शिकणाऱ्यांकडून मला तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले बहुतेक माणसाचं डोकं घडवण्याबद्दल असतात, म्हणून इथली उदाहरणंही बहुतेक डोक्याचीच आहेत. एका उत्तरात अर्धं राहिलेलं दुसरीकडे पुरं केलं आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिजिटल शिल्पकाम म्हणजे नेमकं काय? मातीकामाशी त्याचं काही नातं आहे का?

पडद्यावरच्या गोळ्याला पेनने ओढून, दाबून, भर घालून आकार द्यायचा. तो गोळा हजारो छोट्या पृष्ठतुकड्यांचा बनलेला असतो. त्यांना पॉलिगॉन म्हणतात. नातं अगदी जवळचं आहे. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं. तिथे एकदा काढलेला दगड परत बसवता येत नव्हता. शाडूच्या मूर्तीत भर घालता येते, पण माती वाळेपर्यंतच. डिजिटलमध्ये भर घालणं आणि काढणं दोन्ही चालतं, वर अन्डूची सोय आहे. म्हणून लोकांना वाटतं, चूक कधीही दुरुस्त करता येईल. तसं होत नाही. ही मातीसुद्धा कडक होत जाते. कशी, ते प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे.

२. मला चित्र काढता येत नाही. तरी जमेल का?

जमेल. चित्रकाराला सपाट कागदावर खोली भासवावी लागते, इथे खोली प्रत्यक्ष असते. चित्रकलेतून आलेल्यांना उलट एक सवय मोडावी लागते. ते मॉडेल समोरूनच बघत राहतात आणि फिरवायचं विसरतात. तुम्हाला ती सवय नाही, हा फायदाच आहे. मात्र छाया-प्रकाश वाचायला शिकावंच लागेल, कारण पडद्यावर आकार कळतो तो सावलीवरूनच.

३. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे.

ब्लेंडर घ्या. ते पूर्ण मोफत आहे, आणि साध्या लॅपटॉपवर लाख-दोन लाख पॉलिगॉनपर्यंत सहसा अडत नाही. शिकण्याच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्त लागू नयेत. आयपॅडसारखा टॅब्लेट हाताशी असेल तर नोमॅड स्कल्प्ट हे ॲप उत्तम. त्यात बोटांनी मॉडेल फिरवत काम करताना मातीकामाची आठवण येते. झेडब्रश हे चित्रपट आणि गेमच्या स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. २०२२ पासून ते मॅक्सॉन या कंपनीकडे आहे. स्टुडिओत नोकरी हवी असेल तर पुढे ते शिका, पण सुरुवातीलाच पैसे घालू नका. मूव्ह किंवा ग्रॅब (ओढणारा), क्ले (भर घालणारा), स्मूद (गुळगुळीत करणारा) आणि क्रीज (खाच पाडणारा) हे चार ब्रश किंवा त्यांच्यासारखे ब्रश तिन्हीकडे आहेत, आणि पहिले सहा महिने या चारांवरच काढावेत असं माझं ठाम मत आहे.

४. पेन टॅब्लेट लागतोच का? माउसने नाही होणार?

ढोबळ आकार माउसनेही होतो. पण माउसला दाब कळत नाही. गालावरची हलकी चढण करायची तर हात हलका-जड करता यायला हवा. वॅकॉम, ह्यूऑन, एक्सपी-पेन यांपैकी कुणाचाही लहान, बिनपडद्याचा टॅब्लेट पुरतो. पडद्यावाल्या महाग टॅब्लेटने काम सुधारत नाही, मान मात्र वाकते. त्या पैशांत एक चांगली खुर्ची घ्या.

५. रोज किती वेळ, आणि कसला सराव करू?

रोज ४५ मिनिटं पुरेत, पण ती रोज हवीत. रविवारी सलग आठ तास बसणाऱ्यांपेक्षा रोज पाऊण तास बसणारे पुढे गेलेले मी पाहिले आहेत.

काय करायचं ते सांगतो. आठवड्यातले चार दिवस रोज एक नवं डोकं, शून्यातून. घड्याळ लावायचं आणि ४५ मिनिटं झाली की थांबायचं, काम अर्धं असलं तरी. पाचव्या दिवशी फक्त एक अवयव : कान, नाक किंवा ओठ. सहाव्या दिवशी चारपैकी एक डोकं निवडून पुढे न्यायचं, आणि त्याच दिवशी ते कुणाला तरी दाखवायचं (कधी आणि कसं, ते प्रश्न ९ आणि १० मध्ये). सातवा दिवस बघण्याचा. वस्तुसंग्रहालयात जा, बसस्टॉपवर शेजारच्या माणसाचा कान बघा. अलिबागजवळ सासवण्याला वि. पां. ऊर्फ नानासाहेब करमरकरांच्या घरीच त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. तिथे एका शिल्पाभोवती अर्धा तास फिरणं हाही सरावच आहे.

फाइल पुसू नका. प्रत्येक डोकं तारखेच्या नावाने साठवा. प्रश्न १६ ला ती लागणार आहेत.

६. पॉलिगॉन कधी वाढवायचे? मी सुरुवातीलाच वाढवतो, नाहीतर खडबडीत दिसतं.

सर्वात जास्त डोकी इथेच बिघडतात. खडबडीत दिसू द्या. पाच-सहा हजार पॉलिगॉनमध्ये कवटी, जबडा, मान आणि डोळ्यांच्या खोबणी एवढं सगळं बसतं. या टप्प्यावर जबडा अर्धा इंच पुढे घ्यायचा तर ग्रॅब ब्रशचे दोन फटकारे पुरतात. हीच दुरुस्ती पाच लाख पॉलिगॉनवर करायला जा, म्हणजे पृष्ठभाग लाटा उठल्यासारखा होतो. मग तो सपाट करण्यातच संध्याकाळ जाते, आणि हळूहळू तुम्ही मोठी दुरुस्ती टाळायला लागता. माती वाळते ती अशी.

साधी खूण सांगतो. आहे त्या पॉलिगॉनमध्ये पुढची गोष्ट दाखवताच येत नाही, असं झालं तरच वाढवा. ब्लेंडरमध्ये व्हॉक्सेल रिमेश आहे, त्याने ताणलेले पॉलिगॉन पुन्हा सारखे होतात. बारीक तपशिलाच्या वेळी मल्टिरिझोल्यूशन (एकाच मॉडेलच्या कमी-जास्त पॉलिगॉनच्या पातळ्या) वापरलंत तर खालच्या पातळीवर परत जाऊन मोठा आकार हलवता येतो आणि वरचा तपशीलही शाबूत राहतो. हीच काय ती वाळलेली माती पुन्हा भिजवण्याची सोय.

७. माझा चेहरा नेहमी मुखवट्यासारखा चपटा दिसतो. काय चुकतंय?

बहुतेक वेळा तुम्ही चेहरा केलेला असतो आणि डोकं केलेलंच नसतं. मॉडेल वरून बघा, टाळूकडून खाली. दोन्ही डोळे आणि तोंड एका सरळ रेषेत आले असतील तर चुकलं. वरून पाहिल्यावर चेहरा वळलेला दिसतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा बराच मागे असतो, आणि तोंड तर दातांच्या कमानीवर, जणू एखाद्या नळीवर गुंडाळल्यासारखं बसतं.

आता मापं. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या बरोबर मध्यावर डोळे येतात. नवशिके ते वर चढवतात, कारण कपाळावरच्या केसांखालीही कवटी आहे हे विसरतात. प्रौढ माणसाचं बुब्बुळासकट अख्खं नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याएवढं. बऱ्याच जणांनी बसवलेला गोळा याच्या दीडपट असतो, मग पापण्यांना जागा उरत नाही आणि डोळे बटाट्यासारखे बाहेर येतात. आधी खरा गोल बसवा, मग त्यावर पापणी जाडीसकट घाला. कान भुवई आणि नाकाचा तळ यांच्या दरम्यान येतो, आणि बाजूने पाहताना डोक्याच्या मध्यरेषेच्या मागे. मान सरळ खांबासारखी उभी नसते, ती खांद्यांतून पुढे झुकलेली असते. मान सरळ केली की डोकं खुंटीवर टांगल्यासारखं वाटतं.

चपटेपणा घालवण्याचा मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पैलू पाडून काम करणं. अमेरिकन चित्रकार जॉन असारो यांनी १९७६ मध्ये डोक्याचे सपाट पैलू दाखवणारा एक नमुना केला. जगभरच्या कलाशाळांमध्ये तो आजही वापरतात. गालाचा समोरचा पैलू कुठे संपतो आणि बाजूचा कुठे सुरू होतो, हे आधी कडक धारेने ठरवा. मऊ नंतर करा. स्मूद ब्रश लवकर हातात घेतलात की साबणाची वडी तयार होते.

८. शरीररचना किती शिकावी? सगळे स्नायू पाठ करू का?

नावं पाठ करण्याची घाई नको. त्वचेखाली लगेच लागणारी हाडं आधी शिका : गालाचं हाड, जबड्याचा कोन, गळपट्टीचं हाड, खांद्याचं टोक, कमरेची कड, गुडघा. माणूस जाड असो वा बारीक, या खुणा हलत नाहीत. मग मानेतला कानामागून गळपट्टीकडे तिरपा उतरणारा स्नायू घ्या, मान त्याच्यावरच उभी राहते. फ्रेंच शिल्पकार उदाँ यांनी १७६७ मध्ये केलेला त्वचा सोलून स्नायू दाखवणारा पुतळा अभ्यासासाठी आजही उत्तम आहे. कपडे करायचे असतील तरी आधी शरीर. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ बघा, वस्त्राआड उभं असलेलं शरीर लगेच जाणवतं.

९. अभिप्राय कधी मागावा? अर्धवट काम दाखवायला लाज वाटते.

अर्धवट असतानाच. मूर्तिकाराच्या कारखान्यात मोठा माणूस फिरत येतो आणि ओल्या मातीवर अंगठा ठेवून म्हणतो, “हे मागे घे.” रंग दिल्यावर असं कोणी म्हणत नाही, कारण म्हणून उपयोग नसतो. तुम्ही महिनाभर खपून त्वचेची छिद्रं, केस, डोळ्यांतली चमक सगळं करून मॉडेल दाखवता आणि बघणाऱ्याला दिसतं की कवटीच मागून कापलेली आहे. तो काय करणार? एक तर तुमचं मन राखायला गप्प बसेल, किंवा खरं सांगेल आणि तुमचा महिना वाया गेल्यासारखा होईल. दोन्हीत नुकसान तुमचंच.

मी तीन वेळा दाखवायला सांगतो. पहिल्यांदा ढोबळ आकार झाला की. त्या वेळी प्रमाण आणि बाजूची रेषा एवढंच विचारा. दुसऱ्यांदा नाक, ओठ, पापण्या बसल्या की. तिसऱ्यांदा शेवटी, आणि तेव्हा मिळालेले मुद्दे या मॉडेलमध्ये कोंबू नका, पुढच्या डोक्यासाठी लिहून ठेवा. लाजेचं म्हणाल तर राखाडी, बिनडोळ्यांचं ढोबळ डोकं बघून कोणी तुम्हाला जोखत नाही. जाणत्याला तर तेच बघायला आवडतं, कारण तिथे मदत करता येते.

१०. दाखवताना काय काय पाठवायचं?

एकच सुंदर कोन पाठवू नका. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाऊण वळलेलं, खालून आणि वरून असे सहा कोन पाठवा. रंग काढून साधा राखाडी मॅटकॅप (मॉडेल पडद्यावर दाखवण्याचा तयार छाया-प्रकाश) ठेवा. चकाकणाऱ्या मटेरिअलमध्ये चुका लपतात. कॅमेऱ्याची फोकल लेंथ सगळ्या चित्रांत एकच, ८५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. जवळून आणि वाइड कोनातून पाहिलं की नाक फुगतं, कान मागे पळतात आणि लोक नसलेली चूक सांगतात. संदर्भाचे फोटो शेजारी द्या. आणि एक नेमका प्रश्न विचारा. “कसं वाटतंय?” याचं उत्तर “छान” असंच येतं. “पन्नाशीचा माणूस वाटतो का, नसेल तर कुठे तरुण वाटतो?” असं विचारलंत तर बघणारा थांबून बघतो.

११. सगळे नुसतं ‘मस्त’ म्हणतात. खरं सांगणारा कुठून आणू?

प्रश्न नेमका करूनही ‘मस्त’च येत असेल तर माणसं बदला. सगळ्यांनाच दाखवण्यापेक्षा तुमच्यापेक्षा दोन पावलं पुढे असलेले दोघे-तिघे शोधा आणि दर आठवड्याला त्यांनाच दाखवा. त्यांना तुमच्या सवयी कळायला लागतात, “पुन्हा कान पुढे आलाय” असं ते सांगू शकतात. डिजिटल येत नसलेली माणसंही सोडू नका. दाढी करणारे नाभिक, दंतवैद्य, पुतळे ओतणारे कारागीर : डोकं यांच्या हाताखालून रोज जातं. कोणीच नसेल तर मॉडेल आरशात बघितल्यासारखं उलटं करा, किंवा दोन दिवस न उघडता ठेवा. डोळे ताजे होतात.

१२. दोघांनी अगदी उलट सांगितलं. कोणाचं ऐकू?

एक म्हणतो नाक मोठं, दुसरा म्हणतो हनुवटी लहान. दोघेही बरोबर असू शकतात : चेहऱ्याचा खालचा भाग आखडला आहे आणि दोघांनी दोन टोकांनी तेच पाहिलं. खटकतंय हे लोकांना खात्रीने कळतं, उपाय मात्र ते अंदाजाने सांगतात. म्हणून जागा त्यांची घ्या, दुरुस्ती संदर्भ बघून तुम्ही ठरवा. फाइलच्या दोन प्रती करून दोन्ही उपाय दहा-दहा मिनिटं करून बघितले तरी वाद मिटतो. शैलीच्या बाबतीत मात्र (डोळे मुद्दाम मोठे ठेवले आहेत, वगैरे) ते आधीच सांगून टाका, म्हणजे त्यावर कोणाचा वेळ जाणार नाही.

१३. मीच नवशिका आहे. दुसऱ्याच्या कामावर बोलण्याचा मला काय अधिकार?

बोला. दुसऱ्याच्या कामातली चूक आपल्याला आधी दिसते आणि महिन्याभराने तीच आपल्यात सापडते. उपदेश करू नका, जे दिसलं तेच सांगा : “बाजूने बघताना मला मान उभी वाटली.” आधी चांगलं काय आहे तेही सांगा, पण खरं असेल तरच.

१४. आजोबांचा अर्धपुतळा करतोय. एकच जुना फोटो आहे आणि साम्य येतच नाही.

हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते मनापासून करणाऱ्यांची पत्रं मला सर्वात जास्त आवडतात. एका फोटोत खोली नसते. नाक किती पुढे होतं हे त्यातून कळत नाही. घरात शोधा. लग्नाच्या गटफोटोत कोपऱ्यात उभे असतील, बाजूने दिसत असतील. तेही नसेल तर काका, आत्या, भाऊ यांच्यापैकी ज्यांच्यावर आजोबांची छाप आहे त्यांचे बाजूचे फोटो काढा. कवटीची ठेवण घराण्यात पुष्कळदा उतरते.

जुने स्टुडिओतले फोटो बरेचदा हाताने रिटच केलेले असायचे, सुरकुत्या पुसलेल्या असायच्या. त्यामुळे गुळगुळीत गाल खरे मानू नका. फोटो मागे ठेवून मॉडेल त्यावर जुळवत असाल तर आधी कॅमेरा जुळवा. कॅमेरा चुकला तर बाह्यरेषा जुळूनही माणूस वेगळाच दिसेल. साम्य डोळ्या-नाकाच्या तपशिलात कमी आणि मोठ्या अंतरांत जास्त असतं : कपाळ किती, भुवई आणि पापणी यांत जागा किती, नाक आणि वरचा ओठ यांत अंतर किती. डोळे बारीक करून बघा, तरी आजोबा ओळखू आले पाहिजेत.

आजीला दाखवाल तेव्हा प्रश्न १२ लक्षात ठेवा. ती म्हणेल, “डोळे त्यांचे नाहीत.” चूक बहुधा भुवईच्या हाडात किंवा गालात असेल. पण ती म्हणते तिथे काहीतरी चुकलं आहे, हे नक्की माना. त्या चेहऱ्याबद्दल तिच्याएवढं कोणालाच माहीत नाही.

१५. सिमेट्री (एका बाजूचं काम आपोआप दुसऱ्या बाजूलाही करणारी सोय) कधी बंद करू?

दुसऱ्या टप्प्याचा अभिप्राय घेऊन झाला की. खऱ्या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एक भुवई जराशी वर करा, नाक किंचित वळवा, ओठाचा एक कोपरा खाली घ्या. अपवाद प्रश्न १४ चा : साम्य हवं असेल तर तिरकेपणा सुरुवातीपासून धरा, कारण ओळख त्यातच असते.

१६. सहा महिने रोज करतोय. आता पुढेच जात नाही.

पहिल्या महिन्याची आणि परवाची फाइल शेजारी-शेजारी उघडा. बहुतेकांना इथेच उत्तर मिळतं : नजर हातापेक्षा वेगाने सुधारली आहे, म्हणून आजचं काम वाईट वाटतं. खरोखरच फरक नसेल, तर तुम्ही जमणारंच पुन्हा पुन्हा करत आहात. मिळालेले सगळे अभिप्राय काढून वाचा आणि तीनदा आलेला मुद्दा शोधा. दोन आठवडे फक्त तोच. कान असेल तर चौदा कान, म्हाताऱ्यांचे, बाळांचे, भिकबाळी घातलेले.

१७. आमचा गणपतीचा कारखाना आहे. मूर्ती डिजिटल करायची तर हेच नियम का?

सराव आणि अभिप्राय यांचे नियम तेच, मापांचे वेगळे. गणपतीचं डोकं हत्तीचं, पोट आणि हात माणसाचे, आणि प्रमाण परंपरेचं. त्याला प्रश्न ७ मधली मापं लावू नका. सोंड डावीकडे की उजवीकडे हे ठरताच सिमेट्री मोडते, म्हणून चेहरा आणि बैठक आधी पुरी करून सोंड वेगळी जोडा. डोळ्यांची आखणी नंतर रंगाने होणार असेल तर बुब्बुळ कोरू नका, गोलाई स्वच्छ ठेवा. साचा काढायचा असेल तर त्यात अडकतील अशा खाचा आधीच भरा. आणि घरातल्या जुन्या कारागिरांना पडदा फिरवून दाखवा. ब्रशची नावं त्यांना ठाऊक नसतील, पण बैठक डळमळते आहे हे त्यांच्याआधी कोणी सांगणार नाही.

१८. पडद्यावर सुरेख होतं, थ्रीडी प्रिंट केल्यावर सगळं गेलं.

आधी माप तपासा. प्रिंटरसाठी मॉडेल ज्या एसटीएल फाइलमध्ये पाठवतात, तिच्यात एकक लिहिलेलं नसतं. ब्लेंडरमध्ये दोन मीटरचं केलेलं मॉडेल प्रिंटरकडे दोन मिलिमीटरचं होऊन पोचू शकतं. पृष्ठभागाला कुठे चुकून भोक राहायला नको. रेझिनमध्ये (उजेडाने घट्ट होणाऱ्या द्रवात) पोकळ करणार असाल तर भिंत दोन ते तीन मिलिमीटर ठेवा आणि रेझिन निचरायला छिद्र द्या. पडद्यावर झूम करून कोरलेल्या सुरकुत्या दहा सेंटिमीटरच्या मूर्तीत उतरत नाहीत. त्या मुद्दाम खोल आणि कमी संख्येने करा. एक स्वस्त, लहान प्रिंट मध्येच काढून हातात फिरवून बघणं हाही प्रश्न ९ मधला एक टप्पाच समजा. खिडकीच्या उजेडात ज्या चुका दिसतात त्या पडद्यावर दिसत नाहीत.

१९. मी स्टुडिओत काम करतो. करारामुळे काम बाहेर दाखवता येत नाही. अभिप्राय कुठून घेऊ?

ते काम दाखवू नका, त्याचा तुकडा किंवा ओळखू न येणारा कोनही नाही. आतल्या वरिष्ठांकडे, प्रश्न १० प्रमाणे नेमका प्रश्न घेऊन, ढोबळ टप्प्यावर जा. बाहेरून मत हवं असेल तर ज्या गोष्टीत अडला आहात तीच स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या यंत्रावर, वेगळ्या विषयात करा. राक्षसाचा जबडा जमत नसेल तर घरी बोकडाचा जबडा घडवा आणि तो दाखवा. करारात घरच्या कामावरही बंधन असेल तर आधी लेखी विचारा. माझ्या ओळखीतल्या एकाला विचारल्यावर दोन दिवसांत परवानगी मिळाली. त्याआधी त्याने वर्षभर काहीच दाखवलं नव्हतं.